रडणारं कथील

रोशनबीला राग यायला कारण लागत नाही, असं नगरच्या झेंडीगेटात म्हणायचे. साफ खोटं. कारण लागायचं, आणि ते रोज कुणीतरी घरपोच आणून द्यायचंच. कुणी चार दिवस आंबट ताक ठेवून हिरवंगार केलेलं पातेलं पुढ्यात आदळून विचारायचं, "आजच मिळंल ना?" कुणी नुकत्याच कल्हई केलेल्या परातीत स्वतःचं तोंड बघून म्हणायचं, जरा धुरकट वाटतंय. मग रोशनबी सांगायची की परात चांगली हाय, तोंडाचं बघा काय ते. आणि ज्याला बाईमाणसानं भट्टीवर बसणं खपत नसे तो तर तिथून तोंड वाचवून गेलाच नाही कधी.

ती मूळची काष्टीची. बाप आठवडे बाजारात झाडाखाली खड्डा करून कल्हई करायचा. लग्न होऊन नगरला आली ती नूरमहंमदच्या घरी, तोही त्याच धंद्यातला. तो भट्टीवर बसायचा, ही भाता ओढायची. पण नूरमहंमदनं ऐन उमेदीत तांब्याची भांडी ठोकण्याचंही काम केलं होतं, आणि त्या ठोकाठोकीनं चाळिशीतच त्याचे कान गेले. ज्या दिवशी गेले असं त्याला पुरतं कळलं, त्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर तो उठला, हातातली कथलाची कांडी रोशनबीकडे देऊन म्हणाला, "मला ऐकू येत न्हाई. आता तू सांगत जा." आणि जाऊन भात्यावर बसला. रोशनबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगायचंच होतं तर घरात सांगावं, लोकांसमोर कशाला? हा राग तिनं पुढं सहा वर्षं जपून ठेवला. बहिऱ्याशी ओरडून बोलावं लागतं आणि गल्ली हसते, म्हणून तिनं त्याच्याशी कामाचं बोलणंच टाकलं. हातानं खूण करायची, भाता वाढव, भाता थांबव. बस्स.

"तू सांगत जा" म्हणजे काय, ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चोख कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की ती आतून करकरते. दाताखाली पापड मोडावा तसा बारीक आवाज येतो. कल्हईवाले म्हणतात, कथील रडलं. त्यात कुणी शिसं मिसळलं असेल तर ती कांडी मुकाट वाकते. आणि शिसं म्हणजे पोटात जाणारं विष. म्हणून रीत अशी की गिऱ्हाइकासमोर कांडी कानाशी वाकवायची, "रडलं" असं मोठ्यानं म्हणायचं, आणि मगच भट्टी फुंकायची. त्या एका शब्दावर लोक त्या भांड्यात चिंचेची आमटी शिजवायचे आणि पोराबाळांना वाढायचे.

बेचाळीस साली जपान्यांनी मलाया घेतला आणि नगरच्या बाजारातलं कथील गेलं. मलाया कुठं आहे हे रोशनबीला ठाऊक नव्हतं, पण तिथून कथील येतं एवढं दुकानदारांनी सांगितलं होतं, आणि तिनं जपान्यांना, गोऱ्यांना आणि मलायालाही अशा शिव्या घातल्या की शेजारणींनी दारं लावून घेतली. लोक आता कुठून कुठून कथील पैदा करून स्वतःच आणू लागले. रोशनबीकडे बापाच्या हातच्या सात बारीक कांड्या होत्या, पण त्या तिनं फडक्यात बांधून धान्याच्या कणगीत पुरल्या होत्या. फरीदाच्या, म्हणजे तिच्या लेकीच्या, लग्नातल्या भांड्यांसाठी. त्यांना हात लावायची गोष्टच नव्हती.

त्रेचाळीस सालचा शिमगा झाला आणि माळीवाड्याची भागूबाई आली. भागूबाईची खानावळ. हमाल, कारकून, एकटे राहणारे मास्तर तिच्याकडे जेवायचे. रोशनबीची आणि तिची भांडणं वीस वर्षांची, म्हणजे मैत्रीही तेवढीच. हातगाडीवर अकरा पातेली, आणि पदराखाली पुंजाराम शेठच्या दुकानातून मिनतवाऱ्या करून मिळवलेल्या दोन जाड कांड्या. तिच्याबरोबर तिच्याकडे जेवणारे मच्छिंद्र मास्तरही आले होते. ते हायस्कुलात सायन्स शिकवायचे आणि कल्हई त्यांना बघायची होती.

रोशनबीनं कांडी कानाशी धरली आणि वाकवली.

काही नाही.

पुन्हा वाकवली. कांडी मुकाट वाकली. त्या क्षणी रोशनबीला धास्ती वाटली ती कथलाची नव्हे. महिनाभर तिच्या डाव्या कानात भुंगा गुणगुणत होता. कुणाला सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, गेले. माझेही कान गेले. आता हीसुद्धा बहिरी झाली म्हणतील, भट्टीवर दोन बहिरे बसलेत म्हणून पोरं नकला करतील, आणि नूरमहंमदसारखं आपणही चार माणसांत उठून कांडी खाली ठेवायची. कुणाच्या हातात द्यायची? पुढं कुणी नव्हतंच. भात्यावरून नूरमहंमद तिच्याकडे बघत होता. त्याचं ते शांत बघणं बघून तिचं टाळकंच फिरलं.

"रडलं," ती म्हणाली.

भागूबाईनं मान डोलावली आणि भट्टी फुंकली गेली.

मास्तर उकिडवे बसले. पातेलं तापलं तसे ते शिकवायला लागले, सवयच ती. "रोशनबी, कुठल्याही पदार्थाच्या तीन अवस्था. घन, द्रव आणि वायू. सगळं बारीक कणांचं बनलेलं असतं. घनात कण आपापली जागा धरून असतात, नुसते जागच्या जागी थरथरतात. उष्णता दिली की जागा सुटते, एकमेकांवरून घसरायला लागतात, म्हणजे पातळ झालं. आणखी तापवा, उडून जातात."

"म्हंजी आमच्या काष्टीचा बाजार," रोशनबी म्हणाली. "सकाळी ज्यो त्यो आपल्या पालाखाली. दुपारी ही गर्दी, ह्याच्या अंगावरून त्यो. आन् सांजच्याला समदे चारी वाटंनी."

मास्तर एकदम खूश झाले. म्हणाले, पंधरा वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं इतकं चांगलं सांगितलं नाही. तेवढ्यात रोशनबीनं तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकली. भप्पकन पांढरा धूर उठला, मास्तरांच्या नाकातोंडात गेला. "आता ह्याचं सांगा," ती म्हणाली. "जन्म गेला माझा, ह्याला पातळ झालेलं म्या बघितलं न्हाई. खड्याचा थेट धूर व्हतोय. तुमची मधली अवस्था कुठं गेली?" मास्तर खोकत खोकत म्हणाले, हो, काही पदार्थ मधली पायरी गाळतात. "मंग आधी सांगायचं व्हतं," रोशनबी म्हणाली आणि तिला जरा बरं वाटलं.

पण ते बरं वाटणं टिकलं नाही. कांडी पातेल्याला लागली न लागली तोच वितळली. कथील एवढ्या लवकर जागा सोडत नाही. कोळसा कडक असेल, तिनं स्वतःला सांगितलं. कापसाच्या बोळ्यानं फिरवताना ते नेहमीसारखं चटकन धरेना, बराच वेळ मऊच राहिलं. हात थकला असेल. गार पाण्यात बुडवून काढल्यावर चकाकी आली ती निळसर, आणि बोट घासलं तर बोटाला काळं लागलं. राख असेल. हात, बोटं, डोळे, सगळे एकच सांगत होते आणि बाई प्रत्येकाचं तोंड दाबत सुटली होती. एकदा शब्द तोंडातून गेला होता ना. अकराच्या अकरा पातेली झाली. एक कांडी संपली, दुसरी निम्मी उरली. ती तिनं कोनाड्यात टाकली.

दीड महिना गेला. एका सकाळी झेंडीगेटात हातगाडी थांबली आणि भागूबाईनं एकेक पातेलं उचलून रोशनबीच्या दारात फेकायला सुरुवात केली. अकरा पातेल्यांचा आवाज काय सांगावा. अख्खी गल्ली बाहेर आली.

"माणसं मारायला निगालीस व्हय गं?" भागूबाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, बसलेला होता. "नऊ माणसं पोट धरून लोळत्यात. बन्सी हमाल दवाखान्यात पडलाय. डाक्टरनं हिरड्या बघितल्या, निळी रेघ धरलीया. शिसं गेलंय म्हनला पोटात. शिसं. कुठनं आलं? तुझ्या कल्हईतनं आलं."

मागून मच्छिंद्र मास्तर आले, भिंतीचा आधार घेत. महिन्यात माणूस निम्मा झाला होता. आणि त्यांच्या मागून, भागूबाईनं वाटेत दुकानातून ओढून आणलेला पुंजाराम शेठ, हातात छत्री, चेहऱ्यावर घाम.

"आज फैसला व्हणार," भागूबाई म्हणाली. "न्हाईतर दुपारी म्या म्युनिसिपालटीत जाती. तुझी भट्टी बुजवून टाकाया लावती. पुन्यांदा नगरात कुनी तुझ्या हाती भांडं देनार न्हाई."

रोशनबी उसळली. रागात तिला बोलायला नेहमी सोपं जायचं. "कथील कुनी आनलं? तू. इकलं कुनी? ह्या शेठनं. आन् माझ्या नावानं बोंब?"

पुंजारामानं याचीच वाट बघितली असावी. त्यानं छत्री टेकली. "बाई, मी कथील दिलं. तुमी ते कानाशी वाकवलं आन् ह्या सगळ्यांदेखत म्हणालात, रडलं. भागूबाई साक्षीला, मास्तर साक्षीला. शिसं कधी रडतं का? मंग माझं कथील चोखच होतं. ते चोख कथील तुमी कुठं ठिवलं आन् भांड्यांना काय फासलं, ते तुमचं तुमाला ठाऊक."

गल्लीतली माणसं कुजबुजायला लागली. कणगीत कथील हाय तिच्या, कुणीतरी म्हणालं. लेकीच्या लग्नाचं.

हरामखोर माणूस. पण चूक कुठं काढणार? तिचाच शब्द तिच्या गळ्याला लावला होता त्यानं. शेठ खोटा ठरायचा तर आधी रोशनबी खोटी ठरायला हवी होती. ती भट्टीजवळ उभी राहिली, मुठी आवळून, आणि तिला सगळ्यांचा राग आला. शेठचा, भागूबाईचा, त्या वाळलेल्या मास्तरचा, आणि भात्यापाशी काही न कळता सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसलेल्या नूरमहंमदचा. सगळ्यांचा राग करून झाला तरी राग उरलाच. तो कुणाचा होता हे तिला चांगलं माहीत होतं.

"न्हाई रडलं," ती म्हणाली.

"काय?" भागूबाई म्हणाली.

"न्हाई रडलं त्ये कथील. म्या दोनदा वाकवलं, काय ऐकाया आलं न्हाई. मला वाटलं, म्या बहिरी झाली. ह्येंच्यावानी. म्हनून म्हनलं रडलं. खोटं बोलली म्या. जा आता, सांगा समद्या नगराला, रोशनबी बहिरी झाली म्हनून."

कुणी हसलं नाही. पुंजाराम तेवढा हसला, तोंडातल्या तोंडात. "खोटं बोलायची कबुली दिली म्हंजी आता बोलतीया ते खरं कशावरून?"

रोशनबी घरात गेली. कोनाड्यातली निम्मी कांडी आणली. मग कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि बापाचं फडकं वर काढलं. फरीदा दारात उभी होती. रोशनबीनं तिच्याकडे बघितलं नाही. बाहेर येऊन तिनं लोखंडाच्या दोन पळ्या निखाऱ्यावर ठेवल्या. एकीत शेठच्या कांडीचा तुकडा, एकीत बापाच्या. नूरमहंमदला खूण केली, त्यानं भाता ओढला.

शेठचं आधी वितळलं. सगळ्यांनी बघितलं. मग बापाचं. दोन्ही पाऱ्यासारखी लखलखली, तेव्हा तिनं दोन्ही पळ्या उचलून दगडावर ठेवल्या. "आता बगा," ती म्हणाली. "शेठ, तुमीबी बगा."

बापाचं कथील पातळ होतं तोवर पातळ होतं, आणि मग कडेनं धरत धरत आत येऊन घट्ट बसलं. शेठचं बसेना. ते शिऱ्यासारखं झालं. रोशनबीनं काडीनं ढवळलं तर दाणेदार, मऊ, ना पातळ ना घट्ट.

मच्छिंद्र मास्तर भिंत सोडून पुढं आले. खाली वाकताना त्यांना कळ आली, पोट दाबून ते तसेच बसले. "निव्वळ कथलाचे कण सारखे," ते हळूहळू म्हणाले. "उष्णता उतरली की एकाच वेळी आपापल्या जागेवर परततात. ह्यात दोन जातीचे कण आहेत. शिशाचे आधी बसायला लागले, बाकीचे अजून हिंडतायत. म्हणून हा गाळ दिसतोय. शेठ, हे निव्वळ कथील असूच शकत नाही. हे डाक लावायचं, फुटकी भांडी सांधायचं मिश्रण आहे."

"तिनंच मिसळलं असंल," पुंजाराम म्हणाला.

तेव्हा नूरमहंमद उठला. काय बोलणं चाललंय ते त्याला ऐकू आलं नव्हतं, पण पळ्या बघून पुरतं कळलं होतं. त्यानं शेठच्या कांडीचा उरलेला तुकडा घेतला, उलटून बघितला आणि बुडाला उठवलेला दुकानाचा शिक्का भागूबाईसमोर धरला. शिक्का अखंड होता, म्हणजे कांडी कुणी वितळवून पुन्हा ओतलेली नव्हती. मग त्यानं तो तुकडा दोन्ही हातांच्या बोटांत धरून वाकवला. कानाशी नेला नाही. मान हलवली. "मेलेलं हाय," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, सपाट आवाजात, म्हणून सगळ्या गल्लीनं ऐकलं. मग त्यानं फडक्यातली एक कांडी घेतली, वाकवली, आणि डोळे मिटले. "ह्ये रडलं."

"तुमाला कसं कळलं?" भागूबाईनं हातवारे करून विचारलं.

"बोटाला लागतंय की. आत थरथरतंय. कान गेलं, बोटं कुठं गेल्यात?"

"कणांच्या रांगा असतात," मास्तर जमिनीवर बसल्या बसल्याच म्हणाले. "वाकवलं की रांगा एकदम सरकतात. तो हिसका हाताला लागणारच."

रोशनबीनं नवऱ्याच्या हातातून कांडी जवळजवळ हिसकावली. कानाशी धरली. वाकवली.

करकर. स्वच्छ, बारीक, काष्टीच्या झाडाखाली बापाच्या मांडीवर बसून पहिल्यांदा ऐकली होती तशी.

पुन्हा वाकवली. पुन्हा करकर. डाव्या कानाला लावली, भुंग्याच्या आडूनही ऐकू आलं. कान धडधाकट होते. शिमग्यानंतरच्या त्या दिवशीही धडधाकटच होते. कानानं तिला खरं तेच सांगितलं होतं, आणि तिनं पुंजारामाच्या कांडीवर भरवसा ठेवून स्वतःच्या कानाला खोटं पाडलं होतं. बहिरेपणाचं निमित्त होतं तेवढंही आता हातचं गेलं. लोकांसमोर ती तशीच उभी राहिली.

"मला का न्हाई दिलीस?" नूरमहंमद म्हणाला. रागानं नव्हे. त्याला खरंच कळत नव्हतं. "म्या तर हितंच व्हतो. भात्यावर. हातात दिली असतीस तर सांगितलं असतं."

 रोशनबीनं खाली बसून भागूबाईचं पहिलं पातेलं ओढलं आणि चिंच, वाळू घेऊन जुनी कल्हई घासून काढायला लागली. अकरा पातेली पुन्हा झाली, बापाच्या सात कांड्यांतली एकच उरली. फरीदाच्या लग्नात पितळेची भांडी कल्हईविना गेली आणि सासरच्यांनी ते बोलून दाखवलं. भागूबाई म्युनिसिपालटीत गेली नाही. नऊ दिवस बोललीही नाही, मग एका सकाळी येऊन पहिल्यासारखी भांडली.

पुंजारामाचं काय झालं म्हणाल तर काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या सगळ्या कांड्या गायब, आणि मलाच व्यापाऱ्यानं फसवलं म्हणून तोच चार जणांपुढं गळा काढून मोकळा. दुकान चालू राहिलं. रोशनबी त्या दुकानावरून जाताना थुंकायची, मरेपर्यंत थुंकली.

बन्सी हमाल दोन महिन्यांनी दवाखान्यातून उठला, पण पोतं काही त्याला पुन्हा उचलता आलं नाही. मनगटात जोरच राहिला नाही. ऐन पावसाळ्यात तो झेंडीगेटात आला, दोन्ही हातांत एक तांब्या धरून. एका हातानं धरवत नव्हता. स्वतःचं कथील त्याच्याकडे नव्हतंच. रोशनबीनं बापाची शेवटची कांडी आणली, कानाशी धरली, वाकवली.

"रडलं," ती म्हणाली.

बन्सीनं मान डोलावली नाही. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो भात्यावरच्या नूरमहंमदच्या हातांकडे बघत होता.

रोशनबीला राग आला नाही. तिनं कांडी नवऱ्याच्या हातात दिली, आणि तो सांगेपर्यंत बन्सीबरोबर तीही थांबली.